विरोधकाच्या हेतूवर बोलावं की नाही?

साक्षेप (धागाकर्ता)

राजकीय चर्चेत सभ्यता हवी, यावर सगळ्यांचं एकमत असतं. सभ्यता म्हणजे काय असं विचारलं की गाडी भाषेपाशी येऊन थांबते. शिव्या नकोत, अरेतुरे नको, आवाज चढवू नका. मला ही यादी फारशी कामाची वाटत नाही. "आपण" आणि "कृपया" वापरून, अत्यंत मऊ आवाजात, समोरच्याला देशद्रोही किंवा विकला गेलेला ठरवता येतं. उलट चार शिव्या हासडत मूळ मुद्द्याचं चोख उत्तर देणारेही भेटतात. दोघांतून निवडायचा झाला तर मला दुसरा परवडतो.

म्हणून हा धागा एकाच नियमापुरता ठेवतोय, तो म्हणजे हेत्वारोप. समोरचा काय म्हणतोय याचं उत्तर द्यायच्या आधीच तो ते का म्हणतोय हे सांगून मोकळं व्हायचं. करवाढीला विरोध केला की धनदांडग्यांचे दलाल, पाठिंबा दिला की फुकट्यांचे कैवारी. निर्वासितांना आसरा द्या म्हटलं की मतांवर डोळा, देऊ नका म्हटलं की मनात द्वेष. मुद्दा बिचारा तिथेच पडून राहतो.

दुभंगलेल्या समाजात याला ऊत का येतो ते पाहा. अमेरिकेत १९६० साली लोकांना विचारलं होतं, की तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का. दोन्ही पक्षांतले जेमतेम चार-पाच टक्के लोक हो म्हणाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश हो म्हणाले. शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे आकडे मांडले. धोरणांवरचे मतभेद आणि ही नावड यांचा मेळ नीट बसत नाही, हा त्यांच्या लेखातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग. म्हणजे करांवर फारसं भांडण नसलं तरी सोयरीक नको.

दुसरं, आपण विरोधकाचा हेतू ओळखतो म्हणजे मुळात कोणाचा ओळखतो? २०१८ मधल्या एका अभ्यासात अमेरिकनांना एकमेकांच्या पक्षांबद्दल अंदाज करायला सांगितले. रिपब्लिकनांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे किती? लोकांचा सरासरी अंदाज ३८ टक्के, प्रत्यक्षात सुमारे २. डेमोक्रॅटांपैकी समलैंगिक वगैरे किती? अंदाज ३२ टक्के, प्रत्यक्षात सुमारे ६. ज्या माणसाची साधी ओळख आपल्याला नाही, त्याच्या मनातलं मात्र आपल्याला छान कळतं!

आता आपल्या लोकसभेचा नियम ३५२ बघा. बोलताना दुसऱ्या सदस्याच्या हेतूबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल शंका घेऊ नये, असं त्यात आहे. पण त्याला अपवाद जोडलेला आहे: तो हेतूच चर्चेचा विषय असेल आणि त्याशिवाय चर्चा होऊच शकत नसेल, तर मुभा. पुढचा नियम ३५३ सांगतो, की कोणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर आधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला नोटीस द्या, म्हणजे मंत्र्याला चौकशी करून उत्तर देता येईल.

मला ही रचना आवडते. सभागृहाबाहेर तिचा मथितार्थ असा घेता येईल: आधी मुद्द्याला उत्तर. मग हेतूबद्दल बोलायचंच असेल तर एका माणसाबद्दल, पुराव्यासह, त्याला उत्तर देता येईल अशा ठिकाणी. "तुम्ही लोक सगळे असेच" हे कधीच नाही.

पटतंय का? नसेल तर कुठे अडतंय?

हुकलेली_बस

+१. नियम चांगला आहे. आपल्या बाजूच्या माणसाला लावायची वेळ आली की मजा येईल.

उलटतपासणी

साक्षेप, तुमचा नियम खोटं बोलणाऱ्याला फार सोयीचा आहे.

२२ जुलै २०२१. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये खासदार डॉन बटलर म्हणाल्या, की पंतप्रधान बोरिस जॉन्सन सभागृहाशी आणि देशाशी वारंवार खोटं बोलले आहेत. पीठासीन अध्यक्षांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं, त्यांनी घेतले नाहीत. मग? बटलरबाईंना सभागृहाबाहेर काढलं. पंतप्रधानांनी जे सांगितलं ते खरं की खोटं याची तपासणी त्या दिवशी झाली नाही. तिथल्या नियमानुसार खोटं बोलण्याला शिक्षा त्या क्षणी नाही, खोटं म्हणण्याला आहे.

राजकारण हे गणिताचं प्रमेय नाही, की कोणी मांडलं याच्याशी देणंघेणं नाही. खाणीच्या बाजूने बोलणाऱ्याचा खाणीत हिस्सा असेल तर ते मला आधी कळायला हवं, त्याचे मुद्दे ऐकून झाल्यावर नाही. हितसंबंध उघड करणं ही चर्चेची पहिली पायरी आहे. तुम्ही ती शेवटची करून टाकलीत.

साक्षेप

हिस्सा असेल तर तो सांगा, ही अट मला पूर्ण मान्य. पण तो हेत्वारोप नाही, ती नोंद आहे. "यांचा खाणीत हिस्सा आहे" हे तपासता येतं. "म्हणूनच ते असं म्हणतात" हे तपासता येत नाही. आणि हिस्सा निघाला तरी खाणीतल्या पाण्याच्या निचऱ्याबद्दल त्यांनी दिलेला आकडा बरोबर की चूक, हे काम उरतंच.

ब्रिटनची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. तिथे सदस्यावर खोटेपणाचा आरोप करायचाच असेल तर स्वतंत्र प्रस्ताव आणावा लागतो, बोलता बोलता करता येत नाही. पुढे करोनाच्या टाळेबंदीतल्या पार्ट्यांबद्दल जॉन्सन सभागृहात जे बोलले त्याची चौकशी विशेषाधिकार समितीने केली. साक्षी झाल्या, खुद्द जॉन्सन यांची जबानी झाली. जून २०२३ मध्ये समितीने निष्कर्ष काढला, की त्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली. सभागृहाने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला. प्रकरण वेगळं होतं हे खरं, पण हेतूचा निवाडा त्याच संसदेने केला. पुरावा मांडून आणि समोरच्याला बोलू देऊन केला.

उलटतपासणी

आणि तोवर जॉन्सन पंतप्रधानपद आणि खासदारकी दोन्ही सोडून गेले होते. निवाडा आला, शिक्षा द्यायला माणूस जागेवर नव्हता. बटलरबाईंना मात्र मिनिटभरात दार दाखवलं. तुमच्या नियमाचा वेग दोन्ही बाजूंना सारखा नाही, एवढंच माझं म्हणणं.

पाटीपेन्सिल

उलटतपासणींचा मुद्दा मी थोडा मागे नेते.

१८३६ ते १८४४ या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक नियम होता. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज येतील ते छापायचे नाहीत, त्यांवर बोलायचं नाही, थेट बाजूला ठेवायचे. कारण काय दिलं जायचं? सभागृहात शांतता राहावी, देशात फूट पडू नये. आजही बघा, "हा विषय नको, उगाच वातावरण बिघडतं" हे वाक्य ज्याच्या अंगावर छडी पडत नसते तोच म्हणतो. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा साधे सदस्य म्हणून त्या सभागृहात होते. ते वर्षानुवर्षं नियमांतल्या फटी शोधून अर्ज पुढे रेटत राहिले आणि शेवटी तो नियम रद्द झाला. त्यांच्यावर शांतता भंग केल्याचे आरोप झाले, ठपका ठेवायचा प्रयत्न झाला.

मग शांतता राहिली का? २२ मे १८५६ रोजी खासदार प्रेस्टन ब्रुक्सने सेनेटच्या दालनात शिरून सेनेटर चार्ल्स सम्नरला छडीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. सम्नरने दोन दिवस आधी गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं होतं आणि त्यात ब्रुक्सच्या नात्यातल्या एका सेनेटरची अत्यंत बोचरी खिल्ली उडवली होती. आता साक्षेप यांचा नियम लावून पाहा. सम्नर वैयक्तिक बोलला, हे खरंच. पण ज्या देशात माणसं विकली जात होती, तिथे भाषणात टोमणा होता की नव्हता या प्रश्नाला किती वजन द्यायचं?

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याबद्दल १८५९ मध्ये फार नेमकं बोलून गेला आहे. त्याने सौम्य भाषेच्या आग्रहाची उलटतपासणी केली (नावबंधूंनी वाचावं). त्याचं म्हणणं साधारण असं: शिवीगाळ दोन्ही बाजू करतात, पण प्रचलित मताच्या बाजूने केलेली शिवीगाळ जास्त नुकसान करते, कारण तिच्यामुळे लोक दुसरं मत मांडायला आणि ऐकायलाही कचरतात. अल्पमतातला माणूस तसाही जपूनच बोलतो. त्याला परवडत नाही. म्हणून आवरायचंच असेल तर आधी बलवान बाजूने आवरावं.

गंमत म्हणजे हेत्वारोपाबद्दल तो साक्षेप यांच्याच बाजूचा आहे. विरुद्ध मत असणाऱ्याला वाईट, अनीतिमान माणूस ठरवणं हा वादातला सर्वांत वाईट अपराध, असं तो म्हणतो. पण विरोधकाचं म्हणणं मोडतोड करून सांगणं, सोयीची तथ्यं लपवणं हेही तो गंभीर गुन्ह्यांत मोजतो, आणि हे गुन्हे अगदी प्रामाणिक समजुतीने, जाणती माणसं सतत करतात असंही सांगतो.

तर माझी दुरुस्ती अशी: नियम ठेवा, पण तो सगळ्यांवर सारख्या वजनाने टाकू नका. मंत्र्याने आंदोलकाच्या हेतूवर बोलणं आणि आंदोलकाने मंत्र्याच्या हेतूवर बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंत्र्याच्या हातात पोलीस असतात.

हुकलेली_बस

शेवटच्या वाक्याला +१००.

शंकासुर

वा, वा. मिल झाला, संसद झाली. आता मला सांगा, समोरचा वाद घालायलाच आलेला नसेल तर? त्याला काही सिद्ध करायचं नाही. तुम्ही आकडा द्या, तो म्हणणार स्रोत विकलेला. स्रोत बदला, म्हणणार तोही विकलेला. त्याचं स्वतःचं म्हणणं काय, तर काहीच नाही. अशा माणसापुढे "आधी मुद्द्याला उत्तर" हा नियम पाळणारा दिवसभर उत्तरंच देत बसतो. याला मी सभ्यता म्हणत नाही, वेठबिगारी म्हणतो.

मधली_ओळ

शंकासुर, तुमच्या या माणसाची जातकुळी आपल्या नैयायिकांनी कधीच नोंदवून ठेवली आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकायचं म्हणून होतो तो जल्प, त्यात छलही (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ काढणं) चालतो. आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा मोडायचा, ती वितंडा. तुम्ही वर्णन केलात तो शुद्ध वैतंडिक.

यातला मला उपयोगी वाटणारा भाग असा, की त्यांनी वितंडा करणाऱ्याच्या मनात शिरायचा प्रयत्न केला नाही. तो दुष्ट आहे का, कोणाचा पगारी आहे का, हे विचारलं नाही. तो काय करतोय एवढंच पाहिलं: याने स्वतःचं प्रतिपादन मांडलं की नाही? पराभव कशाने ठरतो याचीही यादी केली, बावीस निग्रहस्थानं. मूळ प्रतिज्ञा सोडून दुसरीच धरणं, प्रतिज्ञेच्या विरुद्ध बोलणं, भलत्याच अर्थाकडे वळणं, तेच तेच बोलणं, उत्तर न सुचणं. ही सगळी वर्तनं आहेत, हेतू नव्हेत. समोर बसलेल्या सभेला डोळ्यांनी दिसतात.

म्हणून वैतंडिकापुढे एकच प्रश्न विचारायचा: "तुमचं म्हणणं काय आहे ते एका वाक्यात सांगा." नाही सांगितलं तर तिथे थांबायला कोणाची हरकत नसावी. उत्तर देण्याचं बंधन त्याच्यावर आधी येतं. साक्षेप यांच्या नियमात हा खंड घालायला हवा, नाहीतर शंकासुर म्हणतात तशी वेठबिगारीच होईल.

आणि पूर्वपक्षाची शिस्त विसरू नका. खंडन करण्याआधी विरोधकाचं मत त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडायचं. जुन्या ग्रंथांत काही वेळा पूर्वपक्ष इतका ताकदीचा असतो की उत्तरपक्ष वाचताना लंगडा वाटतो. आजच्या राजकीय भाषणात विरोधकाचं मत येतं ते नक्कल म्हणून, हातवारे करून. त्यात आपल्याच लोकांची करमणूक होते, विरोधकाच्या घरात एक मतही हलत नाही.

शंकासुर

हां, हे जमलं. "एका वाक्यात सांगा" वापरून बघतो. बहुतेक लोक तिथेच गळतील, माझ्या बाजूचे धरून.

रात्रपाळी

एक राहिलं. "तेव्हा कुठे होतात?" हा प्रश्न. अमुक सरकारने तमुक केलं तेव्हा तुम्ही गप्प, आता का बोलता? हाही हेत्वारोपच ना? तुमची चाड खोटी, असंच त्यात सुचवलेलं असतं.

मधली_ओळ

सरसकट नाही. हा प्रश्न कर्णालाही विचारला गेला होता, आणि तिथे तो रास्त होता. रथाचं चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देत होता, म्हणजे सगळ्यांना लागू असलेला नियम तो स्वतःसाठी मागत होता. नियम मागणाऱ्याला "तू हा नियम पाळला होतास का" असं विचारणं नियमाच्याच कक्षेत येतं.

पण पूल का पडला असं विचारलं आणि उत्तर आलं "मागच्यांचे पूल पडले तेव्हा कुठे होतात", तर पुलाचं काय? विचारणारा ढोंगी असेलही. ढोंगी माणसाने विचारला म्हणून पूल उभा राहत नाही. माझी फूटपट्टी अशी: समोरचा तत्त्वावर बोट ठेवून बोलत असेल तर त्याचा इतिहास काढा. तो साधी माहिती विचारत असेल तर माहिती द्या.

रात्रपाळी

पटलं. आता मोठा प्रतिसाद देतोय, जागा खाईन.

आत्तापर्यंत अमेरिका आणि इंग्लंडच जास्त झालं. आपल्याकडचं एक उदाहरण मला या सगळ्याच्या मुळाशी जाणारं वाटतं. डिसेंबर १९४६. संविधान सभा ९ तारखेला सुरू झाली, मुस्लिम लीगचे सदस्य आलेच नाहीत. १३ तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृहात काँग्रेसचं बहुमत इतकं, की ठराव त्याच दिवशी मंजूर झाला असता तरी कोणी अडवू शकलं नसतं. १६ तारखेला मुकुंदराव जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, की लीगला आणि संस्थानांच्या प्रतिनिधींना येता यावं म्हणून ठरावावरचं मतदान पुढे ढकला. त्यांना बोलताना अडवलं गेलं, विरोध झाला. वातावरणात "हे कोणाच्या बाजूचे" हा प्रश्न होताच, म्हणजे हेत्वारोपाला मैदान मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. आपली पाळी इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. त्या वेळी ते काँग्रेसचे कडवे टीकाकार होते, बंगालमधून निवडून आले होते. त्यांनी ठरावातल्या उणिवांवर टीका केलीच, अगदी कडक. पण जयकरांच्या दुरुस्तीबद्दल बोलताना ते काय म्हणाले? आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक दृष्ट्या विभागलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत आणि मी स्वतः अशाच एका छावणीचा नेता असेन, हे त्यांनी उघड सांगितलं. मग सभागृहापुढे सवाल टाकला: हा ठराव मंजूर करण्याचा तुम्हाला अधिकार आहे की नाही हे मी विचारतच नाही. असेल अधिकार. असं करणं शहाणपणाचं आहे का, एवढंच विचारतो. घोषणा बाजूला ठेवा, लोकांना भीती घालणारे शब्द बाजूला ठेवा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सूट द्या म्हणजे ते स्वखुशीने बरोबर येतील, असा त्या भाषणाचा रोख होता.

त्यांनी बहुमतवाल्यांना दुष्ट म्हटलं नाही. गैरहजर असलेल्यांना देशाचे शत्रूही म्हटलं नाही. आणि स्वतःची बाजू कोणती हे लपवलं नाही. "मी निःपक्ष आहे" असा आव आणणाऱ्यापेक्षा "मी या छावणीचा आहे, तरी ऐका" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. मतदान पुढे गेलं. ठराव २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला.

पाटीपेन्सिल म्हणतात ते वजन इथे दिसतं. संयमाची मागणी बलवान बाजूकडे केलेली होती, आणि ती करणारा दुबळ्या बाजूचा होता.

उलटतपासणी

आणि लीग आली का? नाही आली. महिनाभर थांबून काय मिळालं? सहा-सात महिन्यांत फाळणी झाली. रात्रपाळी, तुमचं उदाहरण सुंदर आहे, पण ते अपयशाचं उदाहरण आहे.

रात्रपाळी

लीग आली नाही, खरं आहे. पण थांबण्याचा परिणाम फक्त गैरहजर लोकांवर होतो असं का धरायचं? हजर असलेल्यांत एक माणूस असा होता की जो महिनाभरापूर्वी बहुमताचा विरोधक होता आणि ज्याला ऐकून घेतलं गेलं. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली, तिचा अध्यक्ष तोच झाला. त्या एका भाषणामुळे झाला असा दावा मी करत नाही, त्यामागे पुष्कळ राजकारण आहे. पण विरोधकाला खलनायक ठरवून टाकलं असतं तर हा रस्ता शिल्लक राहिला असता का, हे तुम्हीच सांगा. पुढे मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आपल्याशी हुज्जत घालायला येणारे उद्या लागणार आहेत, एवढी जाण त्या सभागृहाला होती.

उलटतपासणी

"उद्या लागणार आहेत" हे कारण मला पटतं. "ते सज्जन आहेत असं गृहीत धरा" हे नाही पटत. ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि साक्षेप यांनी दुसरं दिलं होतं.

साक्षेप

सज्जन आहेत असं धरा, असं मी म्हटलं नव्हतं. हेतू माहीत नाही असं धरा, असं म्हटलं. फरक आहे.

काठावरचा

वाचनमात्र होतो, पण मी सार्वजनिक सभांचं सूत्रसंचालन करतो म्हणून लिहितो. तत्त्वं तुम्ही छान मांडताय, प्रत्यक्षात चर्चा कशी होणार हे बरंचसं मांडणीवर ठरतं. पहिला प्रश्न ज्याने विचारला त्याच्या सुरात पुढची सगळी सभा चालते. म्हणून पहिला प्रश्न सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाकडे जाऊ द्यायचा नाही. प्रश्न चिठ्ठीवर मागवले तर एरवी गप्प बसणारे, विशेषतः बायका, लिहितात. उत्तर देणाऱ्याने आधी प्रश्न आपल्या शब्दांत सांगायचा आणि विचारणाऱ्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय उत्तर सुरू करायचं नाही. या एका अटीने सभा लांबते, वक्ते वैतागतात, आणि निम्मी भांडणं होतच नाहीत.

आयर्लंडने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. गर्भपाताचा विषय तिथे समाज चिरणारा. १९८३ मध्ये सार्वमताने जवळपास ६७ टक्क्यांनी बंदी घटनेत घातली होती. २०१६ मध्ये त्यांनी नागरिक सभा बसवली: ९९ सामान्य नागरिक, समाजाचं प्रतिबिंब पडेल अशा तऱ्हेने निवडलेले, आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. गोल टेबलांवर छोटे गट, प्रत्येक टेबलावर चर्चा सांभाळणारा एक जण. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, आणि अशा प्रसंगातून गेलेल्या स्त्रियांचे ध्वनिमुद्रित अनुभव. पाच शनिवार-रविवार या विषयाला दिले. सभेतल्या ६४ टक्क्यांनी कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी असं मत दिलं, तेव्हा अनेक राजकारण्यांना ते फार पुढचं वाटलं. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी बंदी उठवली गेली. सभेतल्या माणसांना पक्षाची तिकिटं वाटायची नव्हती, पुन्हा निवडूनही यायचं नव्हतं. हेतूची शंका घ्यायला जागाच मुळात कमी ठेवली होती.

पाटीपेन्सिल

काठावरचा, वाचनमात्र राहू नका हो.

तुमच्या "आधी प्रश्न सांगा" ला पूरक एक. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कार्यकर्ते घरोघर जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल मतदारांशी साधारण दहा मिनिटं बोलले. व्याख्यान दिलं नाही, तुमच्यावर कधी वेगळं असल्याचा शिक्का बसला होता का असं विचारलं, ऐकलं, स्वतःचा अनुभव सांगितला. पूर्वग्रह कमी झाले आणि तीन महिन्यांनीही परिणाम टिकला होता. २०२० मधल्या पुढच्या प्रयोगांत त्यांनी अनुभवांची देवाणघेवाण काढून फक्त युक्तिवाद ठेवला, तर परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला.

या दोघांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अशाच घरोघरच्या संवादांवर २०१४ च्या शेवटी दुसऱ्या एका संशोधकाचा गाजलेला लेख आला होता. तसाच प्रयोग करायला गेल्यावर त्याची आकडेवारी यांना संशयास्पद वाटली. "हा लबाड आहे" अशी बोंब त्यांनी ठोकली नाही. आकड्यांत काय जुळत नाही ते एकेक करून मांडलं, आणि लेख २०१५ मध्ये मागे घेतला गेला. शिवी एकही नाही, तरी इतकी जहरी टीका मी क्वचितच पाहिली आहे.

शंकासुर

आपल्याकडे उलटं व्हायचं. १८८२ चं बर्वे प्रकरण आठवा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप केसरी आणि मराठाने केला. आधार होती ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. पुरावा मात्र खोटा होता. हेतू शुद्ध असूनही माणूस साफ चुकू शकतो, हे हेतूवाल्यांच्या डोक्यातच शिरत नाही.

आणि पुढे हेच दोघं सामाजिक सुधारणांवरून एकमेकांवर इतके तुटून पडले, की केसरी आणि सुधारकचे अंक वाचताना हे एका कोठडीत राहिले होते यावर विश्वास बसत नाही. १८९५ मध्ये आगरकर गेले, मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

मधली_ओळ

त्या वादातलं वैयक्तिक तेवढं वजा केलं तर जे उरतं ते अजून वाचनीय आहे. आधी समाज की आधी राज्य हा प्रश्न दोघांनी मिळून जितका खणला, तितका एकट्याने खणला गेला नसता. वैयक्तिक भागाने मात्र दोघांच्या अनुयायांना पुढची कित्येक वर्षं भांडायला पुरवलं.

उलटतपासणी

शेवटचा अडसर सांगतो आणि थांबतो. तुमचा नियम नाव असलेल्या माणसाला लागू होतो. टिळक, आगरकर, जॉन्सन, बटलर. आज पैसे घेऊन शंभर खोट्या नावांनी एकच मजकूर पसरवणारे असतात. तिथे हेतू हाच मुद्दा आहे, कारण मत कोणाचंच नाही. पुरावा सामान्य वाचकाला मिळणं शक्य नाही. तिथे "पुराव्याशिवाय बोलू नका" म्हणजे "गप्प बसा".

साक्षेप

तिथे मी मजकुराबद्दल बोलेन. हाच मजकूर शब्दशः इतक्या ठिकाणी दिसतोय, पहिल्यांदा कुठे आला, मूळ दावा कशावर आधारलेला आहे. हे सगळं सामान्य वाचकाला करता येतं, आणि यातलं काहीही मनात शिरून सांगावं लागत नाही. मोहीम आहे हे त्यातून आपोआप उघडं पडतं. पण तोच मजकूर खरा मानून पुढे पाठवणारा जो खराखुरा माणूस असतो, त्याला "पगारी" म्हणालात तर तो तुमचं पुढचं वाक्यही ऐकणार नाही. आणि असे खरेखुरेच संख्येने जास्त असतात, असा माझा अंदाज.

उलटतपासणी

अंदाज! पुरावा?

साक्षेप

नाही. म्हणून अंदाज म्हटलं. तुमच्याकडे उलट पुरावा असेल तर टाका, वाचतो.

हुकलेली_बस

उलटतपासणींनी नियम पाळला बघा. अंदाज का केलात असं न विचारता पुरावा मागितला.

उलटतपासणी

चुकून झालं असेल. आणि मंत्र्यांच्या बाबतीत मी अजूनही पाटीपेन्सिल यांच्या बाजूचा आहे. सत्तेवर बसलेल्याचा हेतू मी आधी विचारणार, मुद्दा नंतर. तेवढी सूट मला हवी.

पाटीपेन्सिल

माझ्या नावावर खपवू नका. मी वजन वेगळं ठेवा म्हटलं होतं, क्रम उलटा करा असं नाही. मंत्र्यालासुद्धा आधी आकडा मागा. आकडा चुकला तर त्याला विधान मागे घ्यावं लागतं. हेतू विचारलात तर तो हात जोडून "मी जनतेचा सेवक" म्हणेल आणि टाळ्या घेऊन जाईल.